सहा महिन्यांची मुदत फक्त जखमींनाच का?

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
परिवहन भवन, नवी दिल्ली

विषय : मोटार वाहन कायदा, कलम 166, पोटकलम 3

महोदय,

2019 ची दुरुस्ती आपल्याच खात्याने संसदेत आणली. त्यामुळे या पोटकलमात काय लिहिलंय ते आपल्याला सांगत बसत नाही. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज आला नाही, तर न्यायाधिकरणाने तो विचारात घ्यायचा नाही. उशीर का झाला हे विचारायचीसुद्धा सोय त्यात ठेवलेली नाही. 1 एप्रिल 2022 पासून ही ओळ लागू आहे आणि माझ्या धाकट्या भावाचा दावा या एका ओळीवर अडकला आहे. पोलीस ठाण्यात अर्ज दिले, विमा कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्रं पाठवली. कुणी उत्तर दिलं नाही. म्हणून आता जिथे ही ओळ जन्माला आली तिथेच, सगळ्यांदेखत, विचारते आहे.

भाऊ वेल्डर आहे. ग्रिल, शटर, पत्र्याच्या शेड अशी कामं करायचा. कामावरून मोटारसायकलने घरी येताना उलट्या बाजूने आलेल्या टेम्पोने त्याला उडवलं. उजव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आत रॉड घातला, तो चिघळला, काढावा लागला. मग बाहेरून पिना ठोकून सळ्यांची चौकट बसवली. पिनेच्या प्रत्येक भोकाशी रोज पू साचायचा आणि वहिनी तो उकळलेल्या पाण्याने आणि गॉजने पुसून काढायची. ज्या सहा महिन्यांत त्याने तालुक्याला जाऊन वकील गाठावा, कागद जमवावेत आणि दावा लावावा अशी आपल्या कायद्याची अपेक्षा आहे, त्या सहा महिन्यांत त्याला कुणी धरल्याशिवाय कूस बदलता येत नव्हती. वहिनीचं गंठण तोवर गहाण पडलं होतं.

कागदांचंही ऐका. वकिलांनी पहिल्याच दिवशी यादी दिली : एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, जखमेचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, टेम्पोची आरसी आणि विमा पॉलिसी, चालकाचं लायसन्स. यातले दवाखान्याचे कागद आमच्याकडे होते, बाकीचे ठाण्यात. टेम्पो विकलेला, पण आरसीवर जुन्याच मालकाचं नाव. पॉलिसी नेमकी कुणाच्या नावावर आणि चालू होती की संपलेली, हे ठाण्यात कुणी सांगेना. दरवेळी एकच उत्तर, तपास चालू आहे. वकील भले आहेत. म्हणाले, अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो, पण सामनेवाला कोण हे तरी नीट कळलं पाहिजे. ते कळेपर्यंत मुदत उलटली होती. तरी दावा लावला, सोबत विलंबमाफीचा अर्जही दिला. विमा कंपनीच्या कैफियतीत पहिलाच मुद्दा आला : अर्ज मुदतबाह्य, सबब फेटाळावा. अपघात झाला नाही, असं कंपनी म्हणत नाही. टेम्पोचा दोष नव्हता, असंही म्हणत नाही. पाय मोडला हेही तिला मान्य आहे.

आता याच कायद्याने आणि आपल्याच खात्याच्या नियमांनी इतरांना काय मुदती दिल्यात ते पाहा. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत द्यायचा. अंतरिम अहवाल 50 दिवसांत. सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे. हे 2022 चे नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये गोहर मोहम्मद खटल्यात पोलिसांना वेगळे निर्देश दिले. कलम 166 (4) तर म्हणतं की पोलिसांचा हा अहवालच भरपाईचा अर्ज समजावा. म्हणजे ठाण्याने आपलं काम वेळेत केलं असतं, तर माझ्या भावाला अर्ज करावाच लागला नसता. तो अंथरुणात असतानाच दावा उभा राहिला असता. विमा कंपनीनेही स्वतःचा अधिकारी नेमून 30 दिवसांत तडजोडीचा देकार द्यावा, असं कलम 149 सांगतं. आमच्यापर्यंत ना तो अहवाल आला, ना तो देकार.

48 तास चुकले म्हणून कुणाचं काय बिघडलं? 90 दिवस चुकले म्हणून? 30 दिवस चुकले म्हणून? काहीही नाही. या साऱ्या मुदतींमध्ये एकच मुदत अशी आहे की जी चुकली की माणसाचा हक्क संपतो, आणि ती नेमकी त्याची आहे जो उठून बसू शकत नाही.

विमा कंपनीला निकाल मान्य नसला तर तिने 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करायचं. ते 90 दिवस उलटले तरी पुरेसं कारण दाखवलं की उच्च न्यायालय अपील घेऊ शकतं, कलम 173 मध्ये तसं लिहिलेलं आहे. कंपनीकडे कायदा विभाग आहे, पॅनेलवरचे वकील आहेत, तरी तिच्या उशिराला माफी. मांडीत पिना घेऊन पडलेल्या माणसाच्या उशिराला नाही. हातउसने दिलेले पैसे बुडाले तर दावा लावायला कायदा तीन वर्षं देतो. पाय गेला तर सहा महिने.

आणि सरकारचं स्वतःचं काय? जखमीला पहिल्या तासात विनारोकड उपचार मिळावेत म्हणून योजना करण्याचं बंधन घालणारं कलम 162 (2) त्याच दिवशी, 1 एप्रिल 2022 ला लागू झालं. योजना निघाली 5 मे 2025 ला. मधे सर्वोच्च न्यायालयाला 14 मार्च 2025 ही तारीख घालून द्यावी लागली, तीही टळली. तीन वर्षं आणि वर एक महिना. एका दिवशी लागू झालेली दोन कलमं. सरकारचं कलम थांबू शकलं, माझ्या भावाचं थांबलं नाही.

ही मुदत कायद्याला नवी नाही, याचा मला जास्त राग आहे. 1988 च्या मूळ कायद्यात सहा महिनेच होते, पण कारण पटलं तर बारा महिन्यांपर्यंत अर्ज घेता येत असे. तेवढ्यानेही अन्याय होतो हे संसदेला दिसलं आणि 14 नोव्हेंबर 1994 पासून मुदतच काढून टाकली. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये धन्नालाल खटल्यात त्या बदलाचा फायदा जुन्या, अडकलेल्या दाव्यांनाही दिला. पंचवीस वर्षांनी आपण ती मुदत परत आणलीत आणि आणताना माफीची तरतूद तेवढी गाळलीत. 1988 सालच्या कायद्यापेक्षा 2019 चा कायदा जखमीशी जास्त निर्दय का असावा, याचं उत्तर मला हवं आहे.

बनावट दाव्यांना आळा घालायचा होता, असं सांगतात. बनावट दावे होतात, उत्तर प्रदेशात त्यासाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. पण खोटा दावा लावणाऱ्याचे कागद तयारच असतात, तो सहा महिन्यांच्या आत येतो. उशीर होतो खऱ्याला.

दाव्यांचा डोंगर कमी करायचा होता म्हणावं, तर तेही झालेलं नाही. माहिती अधिकारात विमा नियामकाकडून मिळालेले आकडे सांगतात : 2018-19 अखेर 9,09,166 प्रलंबित दावे, 52,713 कोटी रुपये. 2022-23 अखेर 10,46,163 प्रलंबित दावे, 80,455 कोटी रुपये. आणि आपल्याच खात्याच्या अहवालानुसार एकट्या 2022 मध्ये देशात 4,61,312 अपघात झाले, 1,68,491 माणसं गेली, 4,43,366 जखमी झाली. या साडेचार लाखांतले किती जण सहा महिन्यांच्या आत वकिलाच्या पायऱ्या चढू शकले असतील?

आमच्या घरापुरतं म्हणाल तर हिशेब असा आहे. भाऊ चौतिसाव्या वर्षी महिन्याला 18,000 रुपये कमवत होता. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरले की 25,200. वर्षाचे 3,02,400. सरला वर्मा निकालातल्या कोष्टकाप्रमाणे या वयाला गुणक 16, म्हणजे 48,38,400. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या 2010 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं आहे की दाखल्यावरचा टक्का पाहून थांबू नका, त्या माणसाच्या धंद्यात कमाई किती गेली ते पाहा. वेल्डिंग उकिडवं बसून, शिडीवर चढून करायचं काम आहे. भावाचा गुडघा आता पुरता वाकत नाही. कमाई निम्मीच गेली असं धरलं तरी 24,19,200 रुपये होतात, उपचाराचा खर्च वेगळा. एवढं सगळं एका ओळीने बुडवायला कंपनीच्या वकिलाला अर्ध्या पानाची कैफियत पुरते.

नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की या सहा महिन्यांच्या मुदतीला आव्हान देणाऱ्या याचिकांचा निकाल लागेपर्यंत कोणताही दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळू नये. त्यामुळे आमचा दावा आज जिवंत आहे. पण कंपनीचे वकील दर तारखेला तोच आदेश दाखवून पुढची तारीख मागतात, वरून काय येतंय ते पाहू म्हणतात.

महोदय, आपल्यालाही अपघातानंतर दीर्घकाळ रुग्णालयात राहावं लागलं होतं, हे आपण संसदेत सांगितलं आहे. सहा महिन्यांत कुणाचं काय होतं, हे आपल्याला दुसऱ्याने समजावण्याची गरज नसावी. म्हणून मागणी स्पष्ट करते. सर्वोच्च न्यायालयात केंद्र सरकारने या मुदतीचं समर्थन करू नये आणि तसं शपथपत्र दाखल करावं. येत्या अधिवेशनात 166 (3) रद्द करावं. ते जमत नसेल तर निदान 1988 ची माफीची तरतूद, बारा महिन्यांची अट न घालता, परत आणावी. आणि ज्या प्रकरणात पोलिसांचा सविस्तर अहवाल 90 दिवसांत पोहोचलेला नाही, तिथे जखमीची मुदत मोजायला सुरुवातच होऊ नये, एवढं एक वाक्य कायद्यात घालावं.

आपली,
एका जखमी वेल्डरची बहीण,
सातारा जिल्हा