कोनशिलेच्या पोटात कोण?

कोनशिला म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ती आपल्याच बापजाद्यांनी खांद्यावरून वाहून नेली आणि पायात बसवली. पण तिच्या पोटात काय ठेवलंय ते आपल्याला कधी कुणी दाखवलं नाही. पेटी ठेवायच्या वेळी आपली माणसं दोरीच्या पलीकडे.

अमेरिकेतलं रिचमंड शहर घ्या. गुलामी टिकवायला जे दक्षिणवाले लढले त्यांची ही राजधानी. त्यांचा सेनापती रॉबर्ट ली. युद्धात हरले, गुलामी कायद्याने गेली, पण माज जिरला नाही. हरल्यानंतर २२ वर्षांनी, २७ ऑक्टोबर १८८७ ला त्यांनी लीच्या पुतळ्याच्या चौथऱ्याची कोनशिला बसवली. आत तांब्याची पेटी. तिच्यात गावातल्या प्रतिष्ठितांनी दिलेल्या पाच-सहा डझन चिजा. लष्करी बटणं, बंदुकीच्या गोळ्या, बुडालेल्या राजवटीच्या नोटा, नकाशे. म्हणजे येणाऱ्या पिढ्यांना सांगायचं होतं की बघा, आम्ही कसे थोर होतो.

त्याच गावात जॉन मिचेल नावाचा काळा माणूस होता. १८६३ साली गुलामीत जन्मलेला. मोठा होऊन 'रिचमंड प्लॅनेट' हे काळ्यांचं वर्तमानपत्र चालवायचा, नगर कौन्सिलातही बसायचा. १८९० ला पुतळा उभा राहिला तेव्हा त्याने छापलं, की हा पुतळा काळ्याच्याच हातांनी चढला आहे आणि वेळ येईल तेव्हा उतरवायलाही काळाच हजर असेल. लोकांनी हसण्यावारी नेलं असणार. आपल्याकडे पण अशा लिहिणाऱ्याला 'भडक' म्हणतात.

२०२० ला मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा रोवून त्याला मारलं. रिचमंडची पोरं चौथऱ्यावर चढली, त्यांनी तो दगड नावांनी आणि शिव्यांनी रंगवून टाकला. ८ सप्टेंबर २०२१ ला पुतळा खाली आला. उतरवणारी कंपनी एका काळ्या माणसाची! एकशे एकतीस वर्षांनी मिचेलचा शब्द खरा झाला. मग डिसेंबरात चौथरा उकलताना आधी एक शिशाची पेटी सापडली. भिजून लगदा झालेली पुस्तकं, एक नाणं, एक पाकीट. ही बांधकामावरच्या साहेबलोकांनी आपल्यापुरती ठेवली होती असा जाणकारांचा अंदाज. पुढच्या आठवड्यात खरी तांब्याची पेटी निघाली, २८ तारखेला उघडली. सगळा देश टीव्हीसमोर. निघालं काय? तीच बटणं, त्याच गोळ्या. दगड फोडणाऱ्याचं, चुना कालवणाऱ्याचं एक नाव नाही.

वॉशिंग्टनला तर याहून मजा. त्यांच्या संसदेची, कॅपिटॉलची, कोनशिला खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनने १८ सप्टेंबर १७९३ ला बसवली. धान्य, दारू, तेल वाहिलं, बैल भाजून खाल्ला. खाली चांदीचा पत्रा ठेवला. त्यावर अध्यक्षाचं नाव, कमिशनरांची नावं, वास्तुशिल्पज्ञांची नावं, मुख्य गवंड्याचंही नाव. आणि व्हर्जिनियाच्या खाणीतून तो दगड काढणारे, वाहणारे, करवतीने लाकूड कापणारे गुलाम? त्यांची मजुरी त्यांच्या मालकांना पोचली, तेवढ्यापुरता त्यांचा उल्लेख हिशेबाच्या कागदांवर. पुढे कॅपिटॉलवाल्यांनी तो पत्रा खूप शोधला. अजून पक्का सापडलेला नाही. पण हिशेबाचे कागद राहिले. त्या कागदांच्या आधारावर २०१२ ला त्याच इमारतीत गुलाम मजुरांसाठी एक दगड लावला गेला. हत्याराच्या खुणा दिसतात असा, जुन्या बांधकामातलाच. चांदीचा पत्रा हरवला आणि मुनिमाची वही टिकली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. का ते पुढे सांगतो.

आता इकडे या. आपल्या लोकांत पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची गोष्ट सांगतात. बुरूज बांधला की ढासळायचा, म्हणून एक महार जोडपं पायात जितं गाडलं, मग उभा राहिला. दंतकथा आहे म्हणता? असू द्या. दंतकथेतसुद्धा गाडायला आमचंच जोडपं का आठवलं, एवढंच विचारतो. त्यांच्या पायात नाणी, आमच्या पायात माणसं.

माझा बाप बिगारी. एका सरकारी इमारतीचा पाया त्याने खणला. भूमिपूजनाच्या दिवशी त्याच खड्ड्यात भट उतरला, आधी गोमूत्र शिंपडलं, मग चांदीचा नाग, कासव, पंचरत्नं ठेवली. मुकादमाने बापाला आणि बाकीच्यांना मागे पत्र्याच्या आडोशाला हाकललं, कारण साहेबांचा फोटो काढायचा होता. इमारत झाली. संगमरवरावर मंत्र्याचं नाव लागलं. बाप मरेपर्यंत त्या रस्त्याने जाताना 'ही माझी' म्हणायचा, आणि मला तेव्हा लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटते.

दिल्लीवाल्यांनीही पेटी पुरून बघितली. १५ ऑगस्ट १९७३, लाल किल्ला, इंदिराबाईंचं कालपात्र. हजारभर वर्षांनंतरच्या माणसाला स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांचा इतिहास कळावा म्हणून! बरोब्बर एक वर्ष आधी, १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधने'त राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला होता. बावड्याचा बहिष्कार त्याच सालचा. १९६८ ला तामिळनाडूत किळवेनमणीला ४४ माणसं झोपडीत कोंडून जाळली गेली, पुढे जमीनदार हायकोर्टातून सुटले. कालपात्रावर संसदेत आणि पेपरात केवढं रणकंदन झालं! पण भांडण कशावरून, तर नेहरू घराण्याचे गोडवे किती आणि बाकी पुढाऱ्यांची नावं का नाहीत यावरून. जनता सरकार आलं, १९७७ च्या डिसेंबरात पेटी उकरून काढली. हजार वर्षांचा वायदा चार वर्षांत आटोपला. पुरणारे तेच, उकरणारेही त्यांचेच भाऊबंद, फावडं मारणारा मात्र दोन्ही वेळा कोण असेल ते सांगायला नको.

परवा एक मित्र म्हणाला, आपणही एक कालकुपी पुरू या. आपल्या पत्रिका, पोस्टरं, मोर्च्यांचे फोटो. मी म्हटलं, नाय. पुरण्याची हौस त्यांना, ज्यांचं वर सगळं ठीक चाललंय. कोरेगावच्या स्तंभाकडे बघ. तो इंग्रजांनी आपल्या विजयासाठी बांधला, आपल्यावरच्या प्रेमापायी नाही, हे मान्यच. पण पडलेल्या शिपायांची नावं त्यांनी बाहेरच्या बाजूला कोरली. शेवटी 'नाक' लावलेली २२ नावं उन्हापावसात उघडी राहिली, म्हणून १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे जाऊन उभे राहू शकले. ती नावं पायात पुरलेली असती तर?

आणि नाव नुसतं मिरवायला नको आहे. १९९६ ला बांधकाम कामगारांचा कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर उपकर घेतात, कल्याणकारी मंडळाच्या तिजोरीत पैसा साठतो. पण हात लावायचा तर नोंदणी पाहिजे, आणि नोंदणीला वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. नाक्यावरचा माणूस आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या. दाखला मागितला की ठेकेदार म्हणतो, तू कोण? मला आठवत नाही. परांची तुटून माणूस खाली आला तरी हेच उत्तर. त्यासाठी मुनिमाची वही म्हणत होतो. ती आता आपली पाहिजे.

येत्या सोमवारपासून सकाळी सातला आम्ही चौघं नाक्यावर वही घेऊन बसणार आहोत. कोण कुठल्या साईटवर गेला, कुणी नेला, किती दिवस, हजेरी किती मिळाली, रोजच्या रोज लिहायचं, आणि संध्याकाळी खाडाखोड न करता सही-अंगठा घ्यायचा. चौघं पुरणार नाहीत. अक्षर बरं असलेली आणि पहाटे उठणारी पोरं-पोरी हवीत.