धावायचे वेगळे, उचलायचे वेगळे

पहाटे साडेपाचला पाम बीच रोडच्या कडेने धावणारी माणसं आणि सात वाजता नेरूळ-सीवूड्सच्या जिममध्ये वजनं उचलणारी माणसं, यांतली बरीचशी तीच असतात. बूटही तेच असतात. खाडीचा वारा खात आठ किलोमीटर झाले, की त्याच घामेजल्या, जाड तळाच्या बुटांनी मंडळी खांद्यावर बार घेतात. या सवयीला माझा विरोध आहे. अकरा वर्षं मी याच रस्त्यांवर धावते आहे आणि सहा वर्षं वजनं उचलते आहे. चुकीच्या बुटाची किंमत माझ्या नडगीने आणि घोट्याने दोन्हीकडे मोजली आहे.

पूर्वपक्ष आधी त्याच्याच शब्दांत ऐकू. तो म्हणतो, बूट म्हणजे बूट. धावण्याचे बूट सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत मऊ. जे दहा किलोमीटरचे दणके पचवतात ते बारखाली का चालू नयेत? घराचे हप्ते भरणाऱ्याने दोन-दोन जोड का बाळगावेत? त्याच्यामागून दुसरा आवाज येतो. तो आपल्या मातीतला असल्याने कानाला जास्त गोड लागतो: आपले आजोबा अनवाणी राबले, पैलवान अनवाणी घुमले, बूट हे कंपन्यांनी लावलेलं खूळ आहे. एक जण एकाच बुटावर सगळं भागवतो, दुसरा बूटच नको म्हणतो. पण चूक दोघांची एकच आहे. पायाखाली काय आहे आणि पाय नेमकं कोणतं काम करतो आहे, हे दोघंही विचारत नाहीत.

धावताना एका वेळी एकच पाय जमिनीवर येतो आणि शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर त्या एकट्या पायावर पडतो. मिनिटाला १६० ते १७० पावलं धरली, तर तासाभरात दहा हजारांच्या आसपास. म्हणून धावण्याच्या बुटाचा तळ फोमचा असतो: दबतो, उठतो, पुढच्या पावलाला तयार होतो. बऱ्याच बुटांत टाच चवड्यापेक्षा ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. या बुटाची सगळी घडण पुढे जाण्यासाठी आहे.

स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठताना, पाय कुठेच जात नाही. दोन्ही तळवे जागच्या जागी रोवलेले असतात आणि वजन वरून सरळ खाली उतरतं. तिथे दबणारा तळ हा गुण नाही, दोष आहे. फोम सगळीकडे सारखा दबत नाही. वजन ज्या बाजूला कलतं त्या बाजूला तो जास्त दबतो, आणि दबला की वजन आणखी त्याच बाजूला कलतं. घोटा आत वळला की गुडघाही त्याच्यामागे आत येतो. कापसाच्या गादीवर उभं राहून डोक्यावर भरलेला हंडा घ्यावा, तसा हा प्रकार आहे.

मागच्या वर्षी आमच्याच सोसायटीतला एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, शेजारच्या रॅकवर स्क्वॉट मारत होता. बार धरून ७० किलो. पायात नवेकोरे, उंच तळाचे धावायचे बूट. मी मागे उभी होते, म्हणून मला त्याच्या टाचा दिसत होत्या. खाली बसताना डाव्या बुटाच्या आतल्या कडेला फोमवर तीन आडव्या सुरकुत्या पडायच्या, वर येताना विरून जायच्या. सुरकुत्या पडल्या की डावा गुडघा उजव्याकडे झुकायचा. प्रत्येक वेळी, तेवढाच. मी म्हटलं, “अरे, बूट काढून एक सेट मारून बघ.” तो म्हणाला, “काकू, सर ओरडतील.” ते खरं होतं, अनवाणी उभं राहायला तिथे मनाई होती. दुसऱ्या दिवशी तो माळ्यावरून शाळेतले पीटीचे पांढरे बूट काढून घेऊन आला. कॅनव्हासचे, रबराच्या सपाट तळाचे. त्यात सुरकुत्या पडायला फोमच नव्हता. गुडघा लगेच सरळ झाला असं मी सांगणार नाही. डुगडुग मात्र थांबली, आणि ती थांबल्यावर खरा दोष दिसू लागला: त्याचा डावा खुबा कमजोर होता. मऊ बुटाने तो झाकून ठेवला होता. पुढचे तीन महिने त्याने खुब्याचे व्यायाम केले.

स्पर्धेतल्या भारोत्तोलकांचे पाय पाहा. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण एका किलोने हुकलं. त्या पातळीवरचे खेळाडू वापरतात त्या बुटांचा तळ लाकडासारखा टणक असतो आणि टाच साधारण दोन सेंटिमीटर उंच. टाच उंच असल्याने घोटा कमी वाकला तरी चालतं आणि छाती ताठ ठेवून खोल बसता येतं. पण तीच उंच टाच डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहताना, आड येते. तिथे ती शरीराला पुढे ढकलते आणि बार तेवढाच जास्त उचलावा लागतो, म्हणून डेडलिफ्टला जमिनीलगतचा पातळ तळ लागतो. उचलण्याच्या दोन प्रकारांनाच जिथे अनेकदा एक बूट पुरत नाही, तिथे धावणं आणि उचलणं एकाच बुटात कसं बसणार? सगळ्याला चालतो म्हणून विकला जाणारा बूट बहुतेक वेळा एक ना धड भाराभर चिंध्या निघतो.

अनवाणी पक्षाशी माझं भांडण वेगळं आहे. त्यांच्या म्हणण्यात निम्मं सत्य आहे, म्हणून ते सावकाश घेतलं पाहिजे.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणी धावली, आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं. ही दोन वाक्यं जोडून लोक निष्कर्ष काढतात. पण पदकाच्या ट्रॅकवर ती अनवाणी नव्हती. बारामतीत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या लता करे यांचं उदाहरण तर मला ऐकवत नाही. नवऱ्याच्या औषधोपचारासाठी त्यांना बक्षिसाचे पैसे हवे होते. त्यांच्या जिद्दीला हात जोडावेत. त्यांच्या गरिबीला मात्र कुणी व्यायामाची पद्धत ठरवू नये.

सगळ्यांत आवडतं उदाहरण इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो अनवाणी मॅरेथॉन धावला आणि जिंकला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. गोष्ट इथे थांबवतात. १९६४ मध्ये टोकियोत तो पुन्हा जिंकला, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच, आणि तीन मिनिटं कमी वेळात. त्या वेळी त्याच्या पायात बूट होते. रोममध्ये तो अनवाणी का धावला? मिळालेले बूट त्याला नीट बसत नव्हते. माझ्या लेखी बिकिलाचा धडा एवढाच: चावणाऱ्या बुटापेक्षा उघडा पाय बरा, आणि नीट बसणारा बूट मिळाला तर तो घालावा.

तालमीतला पैलवान अनवाणी असतो, आणि ते योग्यच आहे. त्याच्या पायाखाली ताक, तेल, हळद घालून मुरवलेली लाल माती असते. पण जमीन बदलली की सगळंच बदलतं, हे खाशाबा जाधवांपेक्षा जास्त कोणी भोगलं नसेल. मातीतला हा मल्ल १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेला तो मॅटवरच्या कुस्तीची फारशी सवय नसताना, आणि सहावा आला. मॅटची तयारी करून गेल्यावर १९५२ मध्ये हेलसिंकीहून त्याने कांस्य आणलं. नवी मुंबईत आपल्या पायाखाली माती आहे कुठे? डांबर, काँक्रीट आणि सांधे उचकटलेले पेव्हर ब्लॉक. २००९ नंतर जगभर अनवाणी धावण्याची लाट आली, पायाच्या बोटांच्या आकाराचे पातळ बूट खपू लागले. ते विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर फायद्याच्या दाव्यांवरून खटला झाला आणि २०१४ मध्ये तिने, चूक मान्य न करता, ३७.५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. टाचेच्या उंचीची वर्षानुवर्षं सवय असलेला पाय एका आठवड्यात सपाट तळावर आणला, की सगळा ताण पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर येतो. ज्याला तिकडे जायचं आहे त्याने जावं, पण महिने मोजून.

कुणी वाशीच्या एपीएमसीतल्या माथाडींकडे बोट दाखवतं: साध्या चपलेवर पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतात की. घेतात. ती चप्पल मात्र झिजून सपाट आणि पातळ झालेली असते, म्हणजे दाखला माझ्याच बाजूचा आहे. तरी मी तो वापरणार नाही. पोटासाठी झिजवलेले गुडघे माझ्या वादात पुरावा म्हणून आणणं मला पटत नाही.

आता दुकानाकडे वळू. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मला काचेवर उभं केलं, पडद्यावर तळव्याचा रंगीत ठसा दाखवला आणि सांगितलं, “मॅडम, तुमचा पाय आत पडतो, तुम्हाला आधाराचेच बूट लागतील.” चालून पाहिले तेव्हाच ते मला कडक वाटले होते. यंत्र सांगतंय म्हणून घेतले, आणि दोन महिने नडगी धरून बसले. नंतर वाचलं, की अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन दलात हजारो नव्या भरतीच्या सैनिकांवर हेच तपासलं गेलं होतं. निम्म्यांना तळव्याच्या कमानीप्रमाणे बूट दिले, निम्म्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात १२ चाचण्या आणि ११ हजारांवर धावक होते; पायाच्या ठेवणीनुसार बूट दिल्याने दुखापती कमी होतात असा भरवशाचा पुरावा त्यातही हाती लागला नाही. जुनी दुखापत असलेल्याने किंवा मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्याने डॉक्टरांनाच विचारावं. बाकीच्यांनी यंत्रापेक्षा पायावर विश्वास ठेवावा. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे बुटाइतकं दुसऱ्या कशालाच लागू नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. धावायचे बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो, तसाच तो धावतानाही सुजतो. आतली गादी बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. चवडा कडेबाहेर सांडत असेल तर बूट अरुंद आहे, मग रंग कितीही आवडलेला असो. आयुष्यभर चप्पल घातलेला आपला चवडा पसरट असतो आणि दुकानातले कित्येक बूट त्याला आवळतात. पुढे अंगठाभर जागा हवी. मग दुकानाबाहेर पन्नास पावलं धावून पाहा, आणि पहिल्याच क्षणी पायाला जो बरा वाटेल तो घ्या. वीस हजारांच्या घरातले, आत कार्बनची पट्टी असलेले बूट शर्यतीत वेळ कमी करण्यासाठी बनतात. ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाला चार फेऱ्या मारणाऱ्याला त्यांची गरज नाही.

उचलायच्या बुटाची परीक्षा तर घरातच होते. अनवाणी, टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसा. आपल्या आज्या असं बसून तासभर भाजी निवडायच्या. टाचा टेकल्या आणि पाठ सांभाळता आली, तर पीटीचे सपाट बूट उचलण्याच्या सगळ्या व्यायामांना पुरतील. कमोड आणि खुर्चीच्या सवयीने टाचा उचलल्या जात असतील, तर स्क्वॉटपुरती उंच टाच उपयोगी आहे. विकतची नको असेल तर टाचेखाली अडीच किलोची पातळ प्लेट ठेवूनही सुरुवात होते. जोडीला घोट्याचा ताठरपणा घालवायचं काम चालू ठेवायचं.

राहिला खर्चाचा मुद्दा, आणि तो मी हलका मानत नाही. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावकांवर २२ आठवडे लक्ष ठेवलं गेलं. आलटून पालटून एकाहून अधिक जोड वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. तरी आपल्या पावसाळ्यात ते वेगळं पटवून द्यावं लागत नाही. जुलैत भिजलेला बूट वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवला तरी दुसऱ्या पहाटे आतून दमटच लागतो. त्यातच पाय घालत राहिलं की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. शिवाय धावण्याच्या बुटाचा फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये मेलेला असतो. तोच बूट बारखाली दाबून त्याचं आयुष्य आणखी कमी करण्यात बचत कसली?

माझ्या जिमच्या पिशवीतले कॅनव्हासचे बूट साडेचारशे रुपयांचे आहेत आणि त्यांचं हे तिसरं वर्ष आहे. तळ अजून सपाट आहे. उजव्या अंगठ्यापाशी कापड विरलं होतं, तिथे नेरूळ स्टेशनबाहेर बसणाऱ्या काकांनी मेणाच्या दोऱ्याने चार टाके घातले आहेत.