चऱ्होलीची जमीन आणि तिचे वाढलेले मोल

इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते, देहू व आळंदीवरून वाहत तुळापूरला भीमेस मिळते. आळंदीच्या किंचित खाली तिच्या दोन काठांवर चऱ्होली बुद्रुक आणि चऱ्होली खुर्द ही गावे वसली आहेत. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. ही फारसी जोडी जुन्या महसुली दप्तरांतून मराठी मुलखात रुजली. नाव एक, नदी एक. कारभार मात्र दोन. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द वाढली, तेव्हा बुद्रुक शहरात गेले. खुर्द खेड तालुक्यातच राहिले.

चऱ्होलीचा इतिहास वाघेश्वराच्या देवळापासून सांगण्याची प्रथा आहे. ती श्रद्धा आदरणीयच. परंतु गावाचे भवितव्य ठरविणारा इतिहास जमिनीच्या मालकीचा असतो. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळाला मालकीचा हक्क दिला. श्रम ज्याचे, जमीन त्याची, हे त्यामागील तत्त्व होते. ज्याच्यापाशी कुळाचाही हक्क नव्हता, तो शेतमजूर मात्र त्या न्यायाच्या बाहेरच राहिला.

दरम्यान पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे भोसरीपर्यंत कारखाने पसरले. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून कामगार आले. त्यांच्या घामावर शहर वाढले आणि ज्वारी-बाजरीच्या रानांना चौरस फुटाचा भाव आला. हा भाव कोणाच्या नांगराने वाढविला नाही. तो रस्त्यांनी, नळांनी आणि कामगारांच्या श्रमांनी वाढविला. अशा अनर्जित वाढीवर समाजाचा हक्क आहे, असे जॉन स्टुअर्ट मिलसारख्या उदारमतवादी अर्थशास्त्रज्ञानेही सांगितले होते. आपल्याकडे ती बव्हंशी बांधकाम-व्यावसायिक व जमिनीचे दलाल यांच्या पदरात पडते.

आरक्षणाच्या नावाने धास्तावणारा अल्पभूधारक येथे शत्रू नव्हे. त्याला योग्य मोबदला मिळालाच पाहिजे. प्रश्न जमिनीचा साठा करणाऱ्यांचा आहे आणि ज्यांना काहीच मिळत नाही अशा भूमिहीनांचा व भाडेकरू कामगारांचा आहे. उत्तर इटलीतील बोलोन्या नगरपालिकेने १९७३ साली जुन्या वस्तीतील घरे दुरुस्त करून तेथील रहिवाशांना तेथेच ठेवण्याची योजना आखली. नगरपालिकेची इच्छाशक्ती असेल तर गरिबाला हुसकावून न लावताही शहर सुधारता येते, हा त्यातील धडा आहे.

नदीचा हिशेबही असाच आहे. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत उभे राहिलेले ३६ बंगले न्यायालयीन आदेशानंतर मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. भूखंड विकणाऱ्याने पैसा केव्हाच घरी नेला होता. तोटा घेणाऱ्याच्या वाट्यास आला. वरच्या वस्त्यांचे सांडपाणी मात्र हद्द पाहत नाही; ते बुद्रुकच्या काठासही लागते आणि खुर्दच्याही.

म्हणून चऱ्होलीत तीन मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे: जमिनीच्या मूल्यवृद्धीचा ठरावीक वाटा सार्वजनिक कामांसाठी वसूल व्हावा, त्यातून भूमिहीन व भाडेकरू कामगारांची घरे बांधली जावीत, आणि नदीसाठी दोन्ही काठांचे एकच नियोजन असावे. कुळाला १९५७ साली जो न्याय मिळाला, तो शेतमजुराला अद्याप मिळालेला नाही. चऱ्होलीत ते अपुरे काम पूर्ण करावयाचे आहे.