शोकेसमध्ये समुद्र हवाय? इंद्रजाल नको, लाकडाचा मासा घ्या!

बारामती-इंदापूरला समुद्र नाही. तरी कोकण ट्रिपवरून येताना किंवा मोबाइलवर ऑर्डर करून समुद्रातली एखादी वस्तू घरात येतेच. अशा वस्तू जमवायच्या असतील, तर त्या हाताने कोरलेल्या लाकडाच्याच असाव्यात. का? समजून घेऊ.

इंद्रजाल का नको?

वास्तुदोष घालवणारी ‘वनस्पती’ म्हणून ते विकलं जातं. प्रत्यक्षात ते काळं प्रवाळ किंवा सागरी पंखा, म्हणजे समुद्री प्राणी असतात. हे आणि वाळवलेला समुद्रघोडा यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ चं संरक्षण आहे. गुन्हा सिद्ध झाल्यास ३ ते ७ वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो.

लाकडात काय मिळेल?

सावंतवाडीची चितारआळी लाकडी खेळणी आणि रंगवलेल्या फळांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या दशावतारी गंजिफाच्या १२० पत्त्यांत मत्स्य आणि कूर्म आहेतच. म्हणजे मासा आणि कासव तिथल्या कलेला नवे नाहीत. लाकडात तयार नसतील, तर करून द्याल का, असं कारागिरालाच विचारा.

हाताचं की मशीनचं?

एमआयडीसीत काम करणाऱ्यांना हे ओळखणं सोपं आहे. सीएनसी राऊटर फिरला की बारीक, समांतर, सारख्या अंतराच्या रेघा उरतात. आतले कोपरे टूलच्या गोलाईएवढेच गोल येतात. तीन अक्षांच्या मशीनला पराखालची खोबण आतून कोरता येत नाही. पटाशीचे घाव कमी-जास्त खोल असतात. दोन मासे अगदी सारखे निघत नाहीत. पॉलिशखाली खुणा झाकल्या असतील, तर वस्तू उलटी करून तळ पाहा. मशीनचं काम वाईट नाही. ते ‘हातकाम’ म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

किंमत जास्त वाटते?

ओव्हरटाइमचा तास न तास मोजून घेणारे आपण कारागिराचे तास मात्र फुकट धरतो. घासाघीस करण्याआधी ‘किती दिवस लागले?’ एवढं विचारा. परवडत नसेल तर लहान वस्तू घ्या, पण हाताचीच घ्या.

आणि कारागिराचं नाव, गाव, लाकूड, वर्ष चिठ्ठीवर लिहून वस्तूच्या तळाला चिकटवा. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालयही एका माणसाने जमवलेल्या घरगुती वस्तूंतूनच उभं राहिलं. चिठ्ठी असेल, तर तुमच्यानंतरही मासा कोणी कोरला हे घरात माहीत राहील.