कामला एक, विषाणू पाच

कावीळ झालेला रुग्ण आजही प्रथम वैद्याची पायरी चढतो. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीलगत आमचे चिकित्सालय असल्याने पावसाळा लागला की असे रुग्ण आम्हांस नेमाने दिसतात. आरोग्यवर्धिनी, कुटकी, भुईआवळी, लघु आहार आणि विश्रांती. तीन-चार आठवड्यांत डोळ्यांचा पिवळेपणा ओसरतो, अन्नावर वासना येते आणि रुग्ण पेढे घेऊन येतो. या पेढ्यांविषयीच व्यवसायबंधूंशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे बहुसंख्य रुग्णांत आपले आपणच निघून जातात. आपल्या औषधाने रुग्णास आराम पडतो, अग्नी सुधारतो, हा आमचा अनुभव आहे व तो आम्ही सोडणार नाही. परंतु विषाणू शरीरातून गेला याचे श्रेय घेण्यापूर्वी तो कोणता होता, हे आपणांस ठाऊक असावयास हवे. ए पासून ई पर्यंतची अक्षरे पाठ करून आपण परीक्षा उत्तीर्ण झालो. ती अक्षरे मात्र या विषाणूंचे परस्परांशी नाते काय, हे मुळीच सांगत नाहीत. ते नाते त्यांच्या जनुकीय द्रव्यात आहे.

डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ साली विषाणूंचे वर्गीकरण एका साध्या प्रश्नावर उभे केले. विषाणू कोणताही असो, प्रथिने घडविण्यासाठी त्याला आपल्या पेशीतील यंत्रणेपुढे संदेशवाहक आरएनए ठेवावाच लागतो. मग स्वतःच्या जनुकीय द्रव्यापासून त्या संदेशापर्यंत तो कोणत्या मार्गाने पोहोचतो? प्रारंभी सहा वर्ग होते, पुढे सातवा जोडला गेला. (सात वर्ग आणि सात धातू यांचे साधर्म्य दाखविणारा लेख कोणी लिहू नये, एवढीच विनंती.)

या कसोटीवर काविळीचे पाच विषाणू पाहिले की चित्र पालटते. ए, सी आणि ई यांचे जनुकीय द्रव्य एकपदरी आरएनए असून ते स्वतःच संदेश म्हणून वाचले जाते. डी हाही आरएनए विषाणू, पण त्याचा पदर उलटा, शिवाय आवरणासाठी तो बी वर अवलंबून. आणि बी? तो डीएनए विषाणू, आणि सातवा वर्ग आहे तो त्याच्यासारख्यांसाठीच. पेशीकेंद्रात शिरल्यावर त्याचा डीएनए बंद कड्याचे रूप घेतो. त्या कड्यावरून आरएनए बनतो आणि त्या आरएनएवरून उलट दिशेने पुन्हा डीएनए. हा उलटा प्रवास समर्स आणि मेसन यांनी १९८२ साली बदकांतील तशाच विषाणूवर दाखवून दिला. ते कडे यकृताच्या पेशीत वर्षानुवर्षे टिकते. टेनोफोविरसारखी औषधे नव्या प्रती तयार होण्यास आळा घालतात, पण कडे खात्रीने काढून टाकणारे औषध आजही हाती नाही. याउलट सी चे डीएनए रूपच नसल्याने आज साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांत समूळ जातो.

कामलेचे कोष्ठाश्रित व शाखाश्रित हे भेद पित्ताचा मार्ग सांगतात आणि चिकित्सेला दिशा देतात. विषाणू राहिला की गेला, हे ते सांगत नाहीत. त्यांनी तसा दावाही केलेला नाही. दावा आपण करतो.

साथींचे पाहा. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई पसरला. २००९ साली गुजरातेत मोडासा येथे पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांतून हिपॅटायटिस बी पसरला व अनेकांचे प्राण गेले. लोकांच्या तोंडी दोन्ही काविळीच्याच साथी. एकीत पाणी उकळावयाचे, दुसरीत सुई मोडावयाची!

आमचाच एक प्रमाद सांगतो. कारखान्यातील एक तरुण आमच्या उपचारांनी काविळीतून बरा झाला. दोन वर्षांनी त्याने रक्तदान केले आणि रक्तपेढीने हिपॅटायटिस बी असल्याचे त्यास कळविले. ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही तर बरा केला होता ना?’ असे त्याने विचारले तेव्हा आम्हांस उत्तर सुचले नाही. पहिल्या वेळी आम्ही रक्त तपासून घेतलेच नव्हते. ती कावीळ बी ची होती, की जन्मापासून बी बाळगणाऱ्यास ई झाला होता, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. त्याची पत्नी त्या वेळी सात महिन्यांची गर्भवती होती.

विकाराला नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात म्हटले आहे आणि चर्चासत्रांतून ते उत्साहाने सांगितले जाते. त्याच ठिकाणी पुढे विकाराची प्रकृती, अधिष्ठान आणि विशिष्ट हेतू जाणूनच कर्म करावे असा आदेश आहे. तो सोयीस्करपणे गाळला जातो.

भुईआवळीच्या बाबतीत असेच घडले आहे. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मद्रासचे त्यागराजन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, बी विषाणूच्या शोधाशी ज्यांचे नाव निगडित आहे ते ब्लमबर्ग त्याचे सहलेखक होते. ३० दिवसांच्या उपचारानंतर भुईआवळी घेतलेल्या ३७ पैकी २२ वाहकांत पृष्ठभागीय प्रतिजन दिसेनासे झाले, तर निष्क्रिय औषध घेतलेल्या २३ पैकी केवळ एकात. पुढे थायलंड व न्यूझीलंड येथील अभ्यासांत हा परिणाम आढळला नाही. आपल्या व्यासपीठांवर पहिला आकडा येतो, दुसरी बातमी येत नाही. आम्हांस त्या संशोधनातील वेगळीच गोष्ट मोलाची वाटते: वनस्पती विषाणूच्या डीएनए घडविणाऱ्या विकरास रोखते काय, हे त्यांनी आधी प्रयोगशाळेत पाहिले होते. प्रश्न योग्य जागी विचारला होता.

आता कामलेच्या प्रत्येक रुग्णाच्या बी, सी आणि ई या तपासण्या व प्रोथ्रॉम्बिन काळ पाहिल्याखेरीज आम्ही पुढे जात नाही. गर्भवतीस तर त्याच दिवशी घाटीत पाठवितो, कारण शेवटच्या तिमाहीत ई जिवावर बेततो. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी चे उपचार विनामूल्य आहेत. संघटनेच्या पुढील चर्चासत्रात पंचकर्माच्या चौथ्या व्याख्यानाऐवजी एक तास या विषयास द्यावा, ही आमची मागणी आहे.

त्या तरुणाच्या पत्नीच्या रक्तात बी आढळला नाही. तिचे लसीकरण झाले, बाळालाही जन्मल्या दिवशीच लस मिळाली. तो दर सहा महिन्यांनी तपासणीस जातो. भुईआवळी चालू ठेवू का, असे विचारतो. ठेव, पण तपासणीची तारीख चुकवू नकोस, असे आम्ही त्यास सांगतो.