वाळूतली पिवळी धम्मक!

पावसाळा सरत आला की सगळ्यांच्या मोबाइलवर फुलांचे फोटो धडकायला लागतात. आणि पिवळं काहीही दिसलं की कॅप्शन ठरलेली... 'सोनकी!' मंडळी, सोनकी सह्याद्रीची. सप्टेंबरात कासच्या पठारावर, किल्ल्यांच्या उतारावर ती मस्त फुलते. पण बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडून तुम्ही गोराईच्या बीचवर गेलात आणि वाळूला चिकटून बसलेलं पिवळं फूल दिसलं, तर त्याला सोनकी म्हणू नका. तिथे शोधायची ती समुद्रकाठची पाथरी. शास्त्रीय नाव लाउनिया सार्मेंटोसा.

तिला गाठायचं तर पाण्याकडे पाठ करा. भरतीची रेषा संपते, मर्यादवेलीची जांभळी फुलं दिसायला लागतात, तिथे नजर खाली ठेवून चाला. वाळूवर चपट्या फुलासारखा पसरलेला पानांचा झुबका, पानं गुळगुळीत, जराशी मांसल, कडा खाचाखाचांच्या. झुबक्यातून दोऱ्यासारखं धावतं खोड निघतं, छोटी कमान करून पुढे वाळूत टेकतं, तिथे मूळ धरतं आणि नवा झुबका तयार! म्हणजे लांबून दहा झाडं वाटतात ती खरं तर एकाच बाईची दहा बिऱ्हाडं.

आता फूल. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्याच कुळातलं. या कुळात आपण ज्याला फूल म्हणतो तो असतो बारीक फुलांचा अख्खा गुच्छ. पाथरीत मध्ये गोल चकती नसते, सगळ्याच्या सगळ्या पट्ट्या, टोकाला दातेरी. चकती दिसली तर पाथरी नाही. मग बहुतेक ती वेडेलिया, आपल्या सोसायट्यांच्या बागेत लावतात ना, तीच. मूळची अमेरिकेतली, आणि जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत नाव असलेली. बाल्कनीत तिला आणूच नका. शेवटची टेस्ट : पान किंचित तोडा, पांढरा चीक येतो. हा चीक पाथरीच्या चुलतबहिणीतही असतो आणि ती तुम्ही रोज भेटता, तुमच्या सॅलडमधलं लेट्यूस!

खायची आठवण निघालीच म्हणून सांगते. आपल्याकडे शेतात उगवणारी पाथरी वेगळी, पण बहीणच. तिची रानभाजी गावाकडे आवडीने खातात. समुद्रकाठची पाथरी मालदीवमध्ये 'कुल्हाफिला' म्हणून ताटात येते. पानं बारीक चिरून ओलं खोबरं, ट्यूना, कांदा, मिरची, लिंबू... वाचूनच भूक लागते. गोराईची पानं मात्र तोंडात टाकू नका. तिथे वीकेण्डला घोडे, कुत्रे आणि माणसं काय काय करतात ते मी लिहायला नको.

लावायची कशी? झुबका उपटून पिशवीत घालायचा मोह होईल. प्लीज, नको. ही धावती खोडं आणि मुळं वाळू धरून ठेवतात. वाऱ्याने उडालेली वाळू पानांपाशी अडते, साचते, तिथे टेकडी उभी राहते आणि तीच उधाणाचं पाणी मागच्या बाजूला घुसू देत नाही. २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेतही वाळूच्या टेकड्या सर्वांत जास्त जपायच्या गटात आहेत. त्यावर जीप घालणाऱ्यांना हे कोण सांगणार, हा वेगळा प्रश्न.

तेव्हा बी आणा. फूल सुकलं की पांढऱ्या म्हाताऱ्या दिसतात, तेवढी दोन-तीन बोंडं कागदात गुंडाळा. वाळू बीचवरून उचलायची नाही हं! बांधकामाची रेती चाळून, धुऊन घ्या. दोन भाग रेती, एक भाग माती, मूठभर कंपोस्ट. मूळ खोल जातं, म्हणून कुंडी फूटभर खोल हवी. बी वरवर पेरा, नुसती ओल ठेवा. नंतर माती सुकल्याशिवाय पाणी नाही. ही पाथरी तहानेने मरण्याआधी तुमच्या लाडाने कुजेल. मिठाचं पाणीबिणी घालू नका, खारा वारा ती सोसते, मागत नाही. पण पाच-सहा तास कडक ऊन लागतंच, तेव्हा उत्तरेची बाल्कनी असेल तर सरळ मनी प्लांट घ्या.

धावतं खोड कुंडीबाहेर लोंबायला लागलं की शेजारच्या कुंडीवर टेकवा आणि हेअरपिनने दाबून ठेवा. मूळ धरलं की मधला दोरा कापा. झाली दुसरी कुंडी, ऑफिसमधल्या मैत्रिणीला द्यायला. फक्त तिला सांगून ठेवा, फुलं सकाळच्या उन्हात उमलतात आणि ऊन तापलं की मिटायला लागतात. आठ बाराची लोकल पकडणाऱ्यांना ती बहुधा रविवारीच भेटतील.