बाटलीवरचें गांव

आमचा धाकटा पुतण्या उच्च शिक्षणासाठीं इटलीस असतो. दिवाळींत तो यवतमाळास आला, तेव्हां त्याच्या सामानांतून एक बाटली निघाली. तींत पांढऱ्या द्राक्षांचें मद्य आहे असें कळतांच माजघरांत जी खळबळ उडाली, ती वाचकांनीं कल्पनेनेंच जाणावी. वहिनींनीं ती देवघरापासून शक्य तितकी दूर, माडीवरच्या कपाटांत कुलुपांत ठेवविली. मद्यपानाची भलावण करण्याचा या सदराचा हेतु नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. परंतु त्या बाटलीवरील चिठ्ठीनें मला जें शिकविलें, तें आपल्या शेतीप्रधान जिल्ह्यानें ऐकण्यासारखें आहे.

चिठ्ठीवर ‘देर्तोना’ असें नांव होतें. पुतण्यानें उलगडा केला : वायव्य इटलींतील तोर्तोना या गांवाचें हें प्राचीन नांव, आणि द्राक्षाची जात ‘तिमोरासो’. तिकडे पांढऱ्या द्राक्षांच्या पुष्कळ जाती आपापल्या टापूशीं जणूं लग्नगांठीनें बांधलेल्या आहेत. व्हेरोनाजवळ सोआव्हे येथें ‘गार्गानेगा’, दक्षिणेस आव्हेल्लीनोच्या डोंगरांत ‘फियानो’, तोस्कानांतील सान जिमिन्यानोस ‘व्हेर्नाच्चा’. कोणत्या गांवाचें नांव कोणत्या शिवारांतील कोणत्या जातीस लावावयाचें, हें ठरविण्याचा कायदा तेथें १९६३ सालीं झाला. १९६६ सालीं तो मान प्रथम मिळविणारांत व्हेर्नाच्चा होती.

तिमोरासोची कथा मात्र निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फायलॉक्सेरा नांवाच्या किडीनें युरोपांतील द्राक्षमळे उजाड करण्यास आरंभ केला. पुढें नवी लागवड करतांना शेतकऱ्यांनीं हिशेब पाहिला. तिमोरासो लहरी, पीक बेभरंवशाचें. ‘कोर्तेझे’ जात भरपूर पिके. तेव्हां मळ्यांत कोर्तेझे आली आणि तिमोरासो नामशेष होण्याच्या पंथास लागली. १९८० नंतरच्या दशकांत वाल्तेर मास्सा या शेतकऱ्यानें उरलेल्या वेलींकडे लक्ष पुरवून तिचें मद्य पुनः वेगळें काढलें. मागून शेजारीही वळले.

हें ऐकतांना आजोबांच्या बोलण्यांतील एक शब्द मला आठवला : बनी. वऱ्हाडांत पूर्वीं बनी कापूस होई. त्याचा धागा लांब व मऊ. पण पीक उशिरां येई आणि सरकी काढल्यावर रुई कमी भरे. जरी कापसाचा धागा आंखूड व जाडाभरडा, पण तो लवकर येई व रुई अधिक देई. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जरीनें बनीस बहुतेक हुसकून लाविलें. शेतकऱ्यास दोष कसा द्यावा ? मुंबईच्या बाजारांत वऱ्हाडचा बहुतेक कापूस ‘ऊमरा’ या एकाच नांवाखालीं विके. गांठींत चांगला-वाईट मिसळून जाई. चांगल्या धाग्यास वेगळें नांव नाहीं, म्हणून वेगळा भावही नाहीं.

पुढें संकरित वाणें आलीं, २००२ पासून बीटी आलें, आणि बियाणें दर वर्षीं विकत घेण्याची पाळी आली. आमच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या कर्जाचीं आणि आत्महत्यांचीं कारणें अनेक आहेत; जुनी जात परत आणल्यानें तीं नाहींशीं होतील, असें मी म्हणत नाहीं. परंतु गांवाच्या नांवास संरक्षण देणारा भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ सालीं आपल्याकडेही झाला. त्याखालीं नागपुरी संत्रें आणि वर्धा जिल्ह्यांतील वायगांवची हळद नोंदलेलीं आहेत. मात्र नोंदवावयास मुळांत जात जिवंत असावी लागते.

म्हणून ज्यांच्या घरीं शेती आहे, त्यांनीं वडीलधाऱ्यांस कापूस, ज्वारी, तूर यांच्या जुन्या वाणांचीं नांवें विचारून लिहून ठेवावीं. कोणाच्या कणगींत मूठभर बीं निघालें, तर तें एका तासांत तरी पेरून पाहावें.

बाटली अजून कुलुपांतच आहे. परवां मात्र वहिनींनीं चष्मा लावून तिची चिठ्ठी न्याहाळली आणि विचारलें, “भावजी, आपल्या कापसाच्या गांठीवर असें गांवाचें नांव घालीत नाहींत का ?”

“नाहीं,” एवढेंच मला सांगतां आलें.